दिल्लीहून एका दिवसात ताजमहाल : रेल्वे, मोटार की सहलीची बस?

हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की या सदराकडे दिल्ली-आग्रा प्रवासाविषयीची पत्रे वाढू लागतात. यंदाच्या पत्रांपैकी काहींची उत्तरे येथे एकत्र देत आहोत. रेल्वेच्या वेळा बदलत असतात, त्यामुळे येथे दिलेल्या वेळा अंदाजाच्या समजाव्यात आणि तिकीट काढण्यापूर्वी त्या पुन्हा एकदा पडताळून घ्याव्यात, ही विनंती.

प्रश्न : आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दिल्लीला चार दिवस मुक्कामी आहोत. मी, माझी पत्नी, नऊ आणि तेरा वर्षांची दोन मुले आणि बहात्तर वर्षांची आई असे पाच जण आहोत. आईचे गुडघे दुखतात, पण ताजमहाल पाहायची तिची फार वर्षांची इच्छा आहे. शुक्रवार मोकळा असल्याने त्या दिवशी आग्र्याला जाऊन रात्री परतावे असा विचार आहे. गाडी भाड्याने घ्यावी की रेल्वेने जावे, हे ठरत नाही. हॉटेलातील लोक म्हणतात की गाडीच सोयीची. घरातील सर्वांचे मत रेल्वेचे आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वांत आधी दिवस बदला. ताजमहाल दर शुक्रवारी पर्यटकांसाठी बंद असतो. त्या दिवशी तेथील मशिदीत केवळ नमाजासाठी प्रवेश असतो. दिल्लीहून आग्र्याला जाणारी गतिमान एक्स्प्रेसही शुक्रवारी धावत नाही. दिल्लीतील एखादी गोष्ट शुक्रवारी उरकून आग्र्यासाठी दुसरा वार मोकळा ठेवणे आपल्याला जमेल असे वाटते. शक्य असल्यास शनिवार-रविवारही टाळावेत, कारण नाताळ ते नववर्ष या काळात ताजच्या दरवाजांपाशी लागणाऱ्या रांगांमुळे आईंना उभे राहण्याचा त्रास प्रवासापेक्षा अधिक होईल.

आता वाहनाविषयी. हॉटेलात सुचवले जाते त्यामागे एक साधा समज असतो, तो असा की गाडी दारातून दारापर्यंत नेते. आग्र्याच्या बाबतीत तो पूर्णपणे खरा नाही. ताजमहालाच्या संगमरवरावर धुराचा परिणाम होतो म्हणून स्मारकापासून ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या वाहनांना मज्जाव आहे. (याच काळजीपोटी सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यातील कोळसा जाळणाऱ्या उद्योगांना नैसर्गिक वायूकडे वळण्याचा किंवा तेथून हलण्याचा आदेश दिला होता.) त्यामुळे आपण कितीही आरामदायी गाडी केली तरी ती पूर्व दरवाजाच्या बाजूला शिल्पग्राम येथील वाहनतळावर किंवा पश्चिमेच्या वाहनतळावर थांबणार, तेथून बॅटरीवर चालणाऱ्या गाडीने दरवाजापर्यंत जावे लागणार, मग तपासणीची रांग आणि त्यानंतर आतले चालणे. रेल्वेने येणारा आणि गाडीने येणारा असे दोघेही या वाहनतळापाशी सारखेच होतात. आईंच्या गुडघ्यांचा प्रश्न जेथे खरोखर येतो तो शेवटचा टप्पा कोणत्याच वाहनाने टळत नाही. म्हणून तेथपर्यंत त्या किती ताज्यातवान्या पोहोचतात, यावरच वाहनाची निवड करावी.

या कसोटीवर रेल्वे सरस ठरते. गतिमान एक्स्प्रेस सकाळी आठच्या सुमारास हजरत निजामुद्दीन स्थानकातून निघते आणि सुमारे १८८ किलोमीटरचे अंतर १०० मिनिटांच्या आसपास कापून दहाच्या आधी आग्रा कँटला पोहोचते. २०१६ साली सुरू झालेली ही गाडी ताशी १६० किलोमीटरपर्यंत वेगाने धावते. भाड्याच्या गाडीला दिल्लीच्या मध्यातून बाहेर पडणे, ग्रेटर नोएडापासून आग्र्यापर्यंतचा १६५ किलोमीटरचा यमुना एक्स्प्रेसवे आणि शेवटी आग्रा शहरातील गर्दी धरून साडेतीन ते चार तास लागतात. म्हणजे दहाला आग्र्यात असायचे तर गाडीने सकाळी सहाला निघावे लागेल आणि रेल्वेसाठी साडेसातला स्थानकावर पोहोचले तरी चालेल. डिसेंबरच्या थंडीत हा तासभर झोपेचा आहे, आणि वयस्कर माणसाला सलग चार तास गुडघे दुमडून बसावे लागत नाही, डब्यात मधूनमधून उठून पाय मोकळे करता येतात, स्वच्छतागृह जवळ असते, हे तर वेगळेच.

याहून लवकर जायचे असल्यास सकाळी सहाच्या सुमारास नवी दिल्लीहून सुटणारी राणी कमलापती शताब्दी आहे. ती आठच्या सुमारास आग्र्याला पोहोचते. उन्हाळ्यात मी कोणालाही हीच गाडी सुचवीन. परंतु डिसेंबरअखेर तिचा फायदा फसवा ठरू शकतो. त्या दिवसांत आग्र्यात सकाळी धुके इतके दाट असते की प्रवेशद्वाराच्या कमानीत उभे राहिले तरी समोरचा घुमट दिसत नाही. तिकीट काढून आत गेलेली माणसे पांढऱ्या पडद्याकडे पाहत उभी राहतात, आणि तिकिटाची मुदत मात्र तीन तासांची असते. अशा दिवशी साडेदहा-अकराला आत गेलेला प्रवासी अधिक पाहतो. शिवाय सहाच्या गाडीसाठी मेट्रोवर विसंबता येत नाही. पहाटे टॅक्सी आधी ठरवून ठेवावी लागते.

धुक्याचा विषय निघाला आहे म्हणून रेल्वेची दुसरी बाजूही सांगायला हवी. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडील गाड्या तासन् तास उशिरा धावतात. त्यावर एक उपाय अनेक वर्षांच्या अनुभवातून पटलेला आहे. ज्या गाड्या दिल्लीतूनच सुटतात त्या जाताना निवडाव्यात, आणि परतताना दूरच्या दक्षिणेकडून येणाऱ्या गाडीऐवजी जवळून सुटणारी गाडी निवडावी. गतिमान परतीला झाशीहून येते, त्यामुळे तीस-चाळीस तास वाटेत असलेल्या गाडीइतका उशीर तिच्या वाट्याला सहसा येत नाही. संध्याकाळी सहाच्या आधी ती आग्रा कँटहून निघते आणि साडेसातच्या सुमारास दिल्लीत पोहोचते. धुके रात्र चढू लागली की दाटते, म्हणून ही वेळही अनुकूल आहे. रस्त्याने परतणाऱ्यांना नेमके याच वेळी त्या धुक्यात गाडी हाकावी लागते. यमुना एक्स्प्रेसवेवर मोटारींसाठी एरवी ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. हिवाळ्यात ती ७५ पर्यंत खाली आणली जाते आणि तरीही धुक्यात एकामागोमाग एक वाहने आदळून झालेल्या अपघातांच्या बातम्या दरवर्षी येतात. मुले आणि आई सोबत असताना डिसेंबरच्या रात्री त्या रस्त्यावर असू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि केवळ एवढ्या एका कारणासाठीही मी आपल्या बाबतीत रेल्वेच निवडीन.

दिवसाची आखणी अशी करावी. आग्रा कँट स्थानकाबाहेरील प्रीपेड खिडकीवरून टॅक्सी घ्यावी. एकेरी फेरीऐवजी ताज, किल्ला आणि परत स्थानक अशी दिवसभराची ठरवावी, म्हणजे आईंना प्रत्येक ठिकाणी नव्याने वाहन शोधत उभे राहावे लागणार नाही. स्थानकात लांब चालणे नको असेल तर चाकखुर्चीची मागणी करता येते. स्थानकापासून ताज सहा किलोमीटरच्या आसपास आहे. चालकाला पूर्व दरवाजा, शिल्पग्राम असे नीट सांगावे. दक्षिण दरवाजातून आत सोडत नाहीत, हेही ध्यानात असू द्यावे. तिकिटे पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर आधीच काढावीत. भारतीयांना प्रवेशासाठी ५० रुपये आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जाण्यासाठी आणखी २०० रुपये लागतात. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. चौथऱ्यावर जायला जिना चढावा लागतो आणि वर गर्दीबरोबर पुढे सरकावे लागते, तेव्हा आईंनी वर न जाता मधल्या हौदापाशी बाकावर बसून ताज पाहिला तर त्यांचे काहीही कमी होणार नाही. खरे तर ताजमहाल दुरूनच त्याच्या पूर्ण आकारात दिसतो. ताजसमोरच्या चारबागेची, म्हणजे चार भागांत आखलेल्या बागेची, लांबी सुमारे ३०० मीटर आहे. तेवढे अंतर त्यांना सावकाश, थांबत थांबत चालावे लागेल.

डिसेंबरअखेर आग्र्यात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि ताज सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. तुम्ही दीड-दोनपर्यंत बाहेर पडाल, त्यामुळे आग्रा किल्ल्यासाठी दीड-दोन तास सहज उरतील. फतेहपूर सिक्री त्याच दिवशी जोडू नका. ते आग्र्यापासून ३५ किलोमीटरहून अधिक दूर आहे, आणि रेल्वेने जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याने ते घेतले तर दोन्ही ठिकाणी घड्याळाकडे पाहत फिरावे लागते.

रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते. काही दिवसा धावणाऱ्या गाड्यांसाठी ही मुदत कमी आहे, तेव्हा आपल्या गाडीची मुदत पाहून त्या सकाळीच तिकीट काढावे, आणि जाण्याचे तिकीट काढताच परतीचेही काढावे. जाण्याचे मिळाले आणि परतीचे प्रतीक्षा यादीत राहिले, अशा अवस्थेत आग्र्याला निघू नये.

परतीचे तिकीट मिळालेच नाही आणि गाडीच करावी लागली, तर भाडे ठरवताना टोल, वाहनतळ, उत्तर प्रदेशचा प्रवेशकर, चालकाचा भत्ता आणि किलोमीटरची मर्यादा हे सर्व त्यात धरले आहे का, हे लिहून घ्या. जाऊन-येऊन अंतर साडेचारशे किलोमीटरच्या वर जाते आणि ‘दिवसाला अडीचशे किलोमीटर’ अशा बोलीने गाडी ठरवली असेल तर शेवटी हिशेब वाढतो. दिल्लीत हवा फार बिघडली की जुन्या बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेल मोटारींवर (बीएस म्हणजे वाहनांच्या धुराबाबतचे भारतीय मानक) निर्बंध लागतात, म्हणून सीएनजीची किंवा बीएस-६ गाडी मागावी. आणि अंधार पडण्यापूर्वी एक्स्प्रेसवे पार होईल अशा बेताने आग्रा सोडावे, मग किल्ला पाहायचा राहिला तरी चालेल.

प्रश्न : मी दिल्लीत शिकते आणि एकटीच ताजमहाल पाहायला जाणार आहे. खर्च कमीत कमी हवा. सहलीच्या बसचे तिकीट स्वस्त दिसते आणि त्यात मथुराही दाखवतात. ती घ्यावी का?
— एक वाचक, सध्या दिल्ली

उत्तर : माझा सल्ला नाही असा आहे, आणि तो केवळ ऐकीव गोष्टींवर आधारलेला नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशा बसने गेलो होतो. दिल्लीतील निरनिराळ्या ठिकाणांहून प्रवासी घेता घेताच दीड तास गेला, आग्र्यात शिरल्यावर ताजच्या आधी बस एका संगमरवरी वस्तूंच्या दुकानासमोर उभी राहिली, आणि तेथून सुटका होईपर्यंत दुपार उलटली होती. ताजमहालात आमच्या वाट्याला तासभरही आला नाही. एक वृद्ध गृहस्थ चौथऱ्यापर्यंत पोहोचले तेव्हा मार्गदर्शकाने परतण्याची हाक दिली. ते न बोलता मागे वळले, ते दृश्य मला अजून आठवते. सर्वच बसगाड्या अशा असतील असे मी म्हणणार नाही. परंतु एका दिवसात मथुरा, किल्ला आणि ताज दाखवणाऱ्या बसला वेळेचे गणित जुळवण्यासाठी कोठून तरी वेळ काढावाच लागतो, आणि तो बहुधा ताजमधूनच काढला जातो. स्वस्त तिकिटात स्मारकांची प्रवेशतिकिटेही बहुधा धरलेली नसतात.

आपल्यासाठी ताज एक्स्प्रेस अधिक योग्य आहे. ती सकाळी दिल्लीहून निघून संध्याकाळी आग्र्याहून परतते, तिला वातानुकूलित चेअर कारबरोबर बसण्याचा साधा आरक्षित वर्गही आहे, आणि त्याचे भाडे गतिमानच्या मानाने पुष्कळच कमी असते. गतिमानपेक्षा तिला तासभर अधिक लागतो, एवढेच. आरक्षण मात्र अवश्य करावे. अनारक्षित डब्यात उभ्याने गेल्यास वाचलेले पैसे थकव्यात जातात. संध्याकाळची गाडी दिल्लीत पोहोचते तेव्हा रात्र झालेली असते, म्हणून स्थानकातून वसतिगृहापर्यंत कसे जाणार हे सकाळी निघतानाच ठरवून ठेवावे. हजरत निजामुद्दीन स्थानक मेट्रोच्या पिंक लाइनला जोडलेले आहे, त्याचा उपयोग होईल. उत्तर प्रदेश परिवहनच्या बसगाड्याही दिल्ली-आग्रा मार्गावर सतत धावतात. त्या ऐन वेळी रेल्वे चुकल्यास हाताशी असलेला पर्याय म्हणून लक्षात ठेवाव्यात.

आग्र्यात ताज आणि किल्ला या दोन ठिकाणांदरम्यान मेट्रोने जाता येते. मार्च २०२४ मध्ये सुरू झालेल्या तिच्या पहिल्या टप्प्यात ताज पूर्व दरवाजा, ताजमहाल आणि आग्रा किल्ला ही तिन्ही स्थानके आहेत. एकट्या प्रवाशाला रिक्षाचालकांशी दरवेळी भाव करत बसण्यापेक्षा हे फार बरे.

प्रश्न : मे महिन्यात स्वतःची मोटार घेऊन नोएडाहून आग्र्याला जाऊन येण्याचा विचार आहे. काही विशेष काळजी?
— एक वाचक, नोएडा

उत्तर : आपण नोएडात राहत असल्याने एक्स्प्रेसवे जवळच आहे आणि आपल्या बाबतीत मोटार योग्यच आहे, दिल्लीकरांचे गणित आपल्याला लागू होत नाही. पहाटे पाचला निघावे. ताज सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि मे महिन्यात दहानंतर तेथील ऊन सोसवत नाही. रस्ता सिमेंट-काँक्रीटचा आहे आणि उन्हात टायर तापून फुटण्याचे प्रसंग घडतात, म्हणून झिजलेले टायर बदलून, हवेचा दाब थंड टायरवर तपासून निघावे आणि वाटेत विश्रांतीच्या जागी गाडी थोडा वेळ उभी करावी. सरळ, मोकळ्या रस्त्यावर दुपारच्या जेवणानंतर डुलकी लागण्याचा धोका मोठा असतो. परतताना दुसरा चालक सोबत असेल तर उत्तम. नसेल तर आग्र्यातच तासभर पडून मग निघावे.

प्रश्न : आम्ही मुंबईहून दिल्लीला जाणार आहोत. आग्रा वाटेतच लागते, मग दिल्लीहून पुन्हा उलटे जाण्याऐवजी तेथेच उतरलो तर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : हा विचार फारच चांगला आहे, आणि महाराष्ट्रातून जाणाऱ्या पुष्कळ जणांना तो सुचत नाही याचे मला वाईट वाटते. दिल्लीला पोहोचून, एक रात्र काढून, पुन्हा आग्र्याला जाऊन-येऊन करण्यात जवळजवळ चारशे किलोमीटरचा जास्तीचा प्रवास होतो.

मात्र कोणती गाडी, यावर सारे अवलंबून आहे. पंजाब मेल आणि पुण्याहून जाणारी झेलम एक्स्प्रेस या दोन्ही आग्रा कँटला थांबतात. परंतु त्या दुसऱ्या दिवशी दुपारनंतर पोहोचतात, म्हणजे त्या दिवशी ताज पाहणे घाईचे होते आणि आग्र्यात मुक्काम करावा लागतो. एका दिवसात उरकायचे असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून सुटणारी राजधानी पाहावी. ती कल्याण, नाशिक रोड, जळगाव, भोपाळ, झाशी या मार्गाने जाते आणि सकाळी आग्रा कँटला थांबून मग हजरत निजामुद्दीनला पोहोचते. मुंबई सेंट्रलहून सुटणारी राजधानी वेगळ्या, म्हणजे कोटा-मथुरेच्या मार्गाने जाते आणि तिला आग्रा लागत नाही. नावाच्या सारखेपणाने येथे चूक होते, म्हणून मुद्दाम सांगतो.

दिल्लीपर्यंतचे तिकीट काढून मध्ये उतरू नये, कारण प्रवास खंडित करण्याची सवलत राजधानीला लागू नाही. आग्र्यापर्यंत एक तिकीट आणि त्याच संध्याकाळी आग्र्याहून दिल्लीचे गतिमानचे किंवा ताज एक्स्प्रेसचे दुसरे तिकीट, अशी दोन तिकिटे काढावीत. राजधानीला उशीर झाला तरी हातात आठ-नऊ तास असल्याने चिंता राहत नाही. सामान आग्रा कँटच्या क्लोक रूममध्ये ठेवावे. तेथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते. ताजमहालात मोठ्या बॅगा, खाद्यपदार्थ, तिवई असे काहीच नेऊ देत नाहीत, त्यामुळे सामान टॅक्सीत ठेवून फिरण्यापेक्षा हे सुरक्षित आहे.

प्रश्न : पौर्णिमेच्या रात्री ताज पाहून त्याच रात्री दिल्लीला परतता येईल का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : रात्रीचे दर्शन पौर्णिमा, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन रात्री असे महिन्यातून पाच दिवस असते, त्यातून शुक्रवार आणि रमजानचा महिना वगळला जातो. साडेआठ ते साडेबारा या वेळेत पन्नास-पन्नास जणांच्या तुकड्या अर्ध्या-अर्ध्या तासासाठी आत सोडतात. तुमची तुकडी कोणती हे तिकिटावर ठरते, आणि शेवटच्या तुकडीत असाल तर बाहेर पडायला मध्यरात्र उलटेल. त्या वेळी दिल्लीकडे सोयीची रेल्वे शोधत बसण्यात अर्थ नाही, आणि दिवसभर गाडी चालवलेल्या चालकाला पुन्हा एक्स्प्रेसवेवर नेणे धोक्याचे आहे. आग्र्यात एक रात्र राहावे आणि सकाळच्या गाडीने परतावे. हिवाळ्यातील पौर्णिमा मात्र टाळा, धुक्यात चंद्रही दिसत नाही आणि ताजही.